जव्हार-मोखाड्याचा कागद कोण लिहिणार?

विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांना अलीकडे मोठ्या समारंभाचे स्वरूप आले आहे. काळा कोट चढविलेले विद्यार्थी कल्पित खंडपीठापुढे इंग्रजीत युक्तिवाद करतात, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे सालासकट म्हणून दाखवितात आणि सायंकाळी ढाली वाटल्या जातात. यात गैर काही नाही. वक्तृत्व ही वकिलाची जुनी विद्या आहे आणि ती सरावानेच येते. प्रश्न एवढाच की, या वक्त्यांपैकी किती जणांना एका पानाचा मराठी अर्ज असा लिहिता येईल, की जो फेटाळण्यापूर्वी प्रांताधिकाऱ्याला कारण शोधावे लागेल?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात पडावे काय, असे कोणी विचारील. त्यावर उत्तर असे की, ज्याला आपण दारिद्र्य म्हणतो त्याचा बराच मोठा भाग उत्पन्नाचा नसून हक्काच्या पुराव्याचा असतो. दीड एकर वरकस जमीन कसणारा माणूस आणि त्याच जमिनीचा दाखला हाती असलेला माणूस यांचे पीक सारखे असले तरी पत सारखी नसते. पहिल्याला बँक कर्ज देत नाही, दुसऱ्याला निदान दारात उभे करते. हा दाखला ज्या कागदावरून मिळतो किंवा नाकारला जातो, तो कागद लिहिण्याची कला हा म्हणूनच अर्थशास्त्राचाही विषय होय.

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान असलेला जव्हारचा मुलूख विलीनीकरणानंतर ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्याचा भाग आहे. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ही येथील वस्ती. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, खाचरात भात, आणि दिवाळी सरली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट, असे येथील वर्षाचे चक्र आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला या भागाची ओळख पटली आणि तेव्हापासून कुपोषण म्हटले की जव्हार-मोखाडा हे समीकरण रूढ झाले. परंतु पोटाच्या प्रश्नाखाली जमिनीचा व मजुरीचा प्रश्न आहे आणि या दोन्ही प्रश्नांच्या बुडाशी कागद आहे, ही गोष्ट सहसा बोलली जात नाही.

पावती आणि आठवण

प्रथम जमिनीचे पाहू. २००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा त्या जमिनीवरील हक्क चार हेक्टरच्या मर्यादेपर्यंत मान्य करणे, हा त्याचा गाभा. ‘मान्य करणे’ हे शब्द येथे मोलाचे आहेत. हक्क शासन देत नाही. तो होताच, शासन फक्त तो ओळखते, ही या कायद्याची भूमिका आहे. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो, तेथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. विरुद्ध निर्णय झाला तर ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रासाठी २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय पातळीवरील अपिलाचीही सोय झाली.

आता पुरावा कशाचा द्यावयाचा? १३ व्या नियमात त्याची यादी आहे. जुने सरकारी कागद आहेतच, परंतु घर, बांध, सपाटीकरण अशा जमिनीवर दिसणाऱ्या खुणाही आहेत, वंशावळ आहे आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्ध व्यक्तींचे लेखी उतरविलेले निवेदन हाही स्वतंत्र पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच सांगितले की, समित्यांनी एका विशिष्ट प्रकारच्या कागदाचा आग्रह धरू नये, दंडाची पावती नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये आणि उपग्रहाचे छायाचित्र हे इतर पुराव्यास पूरक मानावे, त्याची जागा घेणारे नव्हे. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत ज्या कुटुंबाने अतिक्रमणाबद्दलच्या दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या त्यांना त्याच पावत्या पुढे हक्काचा पुरावा म्हणून उपयोगी पडल्या, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. ज्यांच्या पावत्या पावसात गेल्या किंवा ज्यांच्या हाती त्या कधी दिल्याच गेल्या नाहीत, त्यांच्यासाठी वृद्धाची आठवण हा पुरावा उरतो. तो लिहावा कसा?

समजा, एखाद्या दाव्याला जोडलेले निवेदन असे आहे: ‘सदर अर्जदार हे वडिलोपार्जित अनेक वर्षांपासून सदर वनजमीन कसत असून त्यावर त्यांचा उदरनिर्वाह अवलंबून आहे, तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन सदर दावा मंजूर करावा.’ शब्द पुष्कळ आहेत. पुरावा शून्य आहे. ‘अनेक वर्षे’ म्हणजे किती? सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले? कोणती जमीन? शिवाय ‘कृपावंत होऊन’ या दोन शब्दांनी लेखकाने हक्काची याचना करून टाकली आणि कायद्याची सारी भूमिकाच उलटी केली. असे निवेदन पाड्यावरच्या वीस दाव्यांना जोडता येते, आणि त्यामुळेच ते एकाही दाव्याला उपयोगी पडत नाही.

आता त्याच वृद्धाला ओटीवर बसवून तासभर विचारले आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांच्या जवळ राहून उतरविले, तर काय होते ते पाहा: ‘मी याच पाड्यावर जन्मलो. बहात्तरच्या दुष्काळात मी बैल राखण्याइतका झालो होतो. त्याच्या पुढच्या साली याच्या बापाने ओहोळाच्या वरच्या अंगाला बांध घातला. दगड वाहायला मी होतो. बांध अजून आहे. बांधाखाली ते भात लावीत, वर वरई करीत. राबासाठी त्यांनी तोडलेले ऐनाचे झाड पुन्हा फुटले, ते हद्दीवर उभे आहे. बाप वारल्यावर हाच कसतो. माझे शेत लागून आहे म्हणून मला माहीत.’

या नऊ वाक्यांत वकिलीचे निम्मे शास्त्र आहे. साक्षीदाराचे वय आणि घटनेचा काळ एका सर्वांना ठाऊक असलेल्या सालाला बांधला गेला. ऐकीव काही नाही. दगड वाहिले म्हणून माहीत, शेत लागून आहे म्हणून माहीत, असा ज्ञानाचा उगम सांगितला. जमिनीची ओळख पटविणाऱ्या दोन खुणा आल्या आणि त्या आजही जागेवर जाऊन पाहता येतात. बापाकडून मुलाकडे वहिवाट कशी आली हेही आले. समितीला हा दावा नाकारावयाचा असेल तर बांध नाही किंवा झाड नाही असे जागेवर जाऊन लिहावे लागेल. चांगल्या कायदेशीर लेखनाचे याहून दुसरे लक्षण मला सांगता येणार नाही: ते प्रतिपक्षाला मोघम राहू देत नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जमिनीवरून काढण्याविषयी आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला, हे वाचकांस आठवत असेल. स्थगितीच्या वेळी न्यायालयाने राज्यांना विचारले ते असे की, दावे फेटाळताना रीतसर कार्यपद्धती पाळली गेली काय, पुरावा देण्याची संधी मिळाली काय, सकारण आदेश झाले काय. म्हणजे शेवटी दिल्लीतही प्रश्न आला तो पाड्यावरच्या कागदाचाच.

वकिलाविना कायदा

याच जमिनीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. बिगर-आदिवासींच्या हाती गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ साली कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरे त्याच्या कक्षेत आली. या कायद्यात पुढे ९-अ हे कलम घालण्यात आले आणि त्यान्वये या प्रकरणांत वकिलाने कोणाच्याही वतीने उभे राहण्यास मनाई करण्यात आली. जमीनधारकांनी आव्हान दिले. १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदाही वैध ठरविला आणि ही मनाईही.

विधिमंडळाचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज कळण्याजोगा आहे. वकिली सेवा बाजारात विकत मिळते, एका पक्षाला ती परवडते, दुसऱ्याला नाही. तेव्हा दोघांनाही ती नको. हिशेब सरळ खरा, पण पुरता नव्हे. वकील दारातून बाहेर गेला तरी लेखन आत राहतेच. ऐपतदार पक्ष जबाब वकिलाकडून घरी लिहवून घेतो आणि स्वतःच्या सहीने दाखल करतो. आदिवासी तलाठ्याच्या शेजारी बसलेल्या अर्जनविसाकडे जातो. जेथे तोंडी वकिली वर्ज्य, तेथे लेखी वकिलीचे पारडे अधिकच जड होते, हे कलम करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे.

मजुरीच्या बाबतीतही तेच. वेठबिगार नष्ट करणारा १९७६ चा कायदा शब्दांनी मोठा सबळ आहे. ऋण हे वेठीचे ऋण नाही, हे सिद्ध करण्याचा भार १५ व्या कलमाने सावकारावर टाकला आहे. शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी मजुरी ही कायद्याच्या भाषेत नाममात्र मजुरी ठरते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा बांधकाम प्रकरणात किमान वेतनाहून कमी दराने घेतलेले काम हे सक्तीचे श्रमच होत, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. २०२१ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातील एका कातकरी मजुराने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या पाचशे रुपयांच्या उचलीपायी त्याला राबविले जात होते, असा आरोप असलेला गुन्हा पुढे नोंदला गेला. पाचशे रुपये!

आता ‘मालकाने शिवीगाळ करून मारले’ एवढेच फिर्यादीत लिहिले तर तो किरकोळ दखलीचा मामला होतो. उचल किती, कोणत्या महिन्यात, कशासाठी. मजुरी काय ठरली, हातात काय पडले. दुसरीकडे कामाला जातो म्हटल्यावर मालक काय म्हणाला. हे चार-पाच तपशील आले की तीच हकीकत १९७६ च्या कायद्याखाली येते आणि पुराव्याचा भार फिरतो. मजूर हे तपशील दडवीत नाही. त्याला ते कोणी विचारीत नाही, कारण विचारणाऱ्याने कलम डोक्यात ठेवून प्रश्न केलेला नसतो. फिर्याद लिहून घेणे हे लेखनिकाचे काम समजले जाते. वस्तुतः ते कायद्याच्या जाणकाराचे काम आहे.

‘हे म्हणणे खरे नाही की...’

न्यायालयात उभे राहिल्यावर तर भाषेचा प्रश्न अधिकच बिकट होतो. १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा झाली आणि ते योग्यच झाले. परंतु जव्हारच्या न्यायालयात साक्षीला उभी राहणारी वारली किंवा कातकरी बाई जी भाषा बोलते ती आणि जबानीच्या कागदावरची मराठी यांत एका पायरीचे अंतर उरतेच. आपल्याकडे जबानी सामान्यतः निवेदनाच्या रूपात उतरविली जाते. प्रश्न गळतो आणि उत्तर तेवढे राहते. उलटतपासणीत वकील एखादी गोष्ट सुचवितो, साक्षीदार ‘नाही’ म्हणतो आणि कागदावर येते: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी शेतावर गेले नव्हते.’ दोन नकार एका वाक्यात. ते वाचून दाखविल्यावर पदवीधरही क्षणभर अडखळतो. मग पहिल्यांदाच पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराने काय करावे? ती मान डोलावते. वारली बोलीत आदरार्थी अनेकवचनाचा फारसा वापर नाही. न्यायाधीशांनाही ‘तू’ म्हणणारा म्हातारा उद्धट नसतो, तो फक्त स्वतःची भाषा बोलत असतो, हे जाणून घेण्यासही काही तयारी लागते. वकिलाने अशा वेळी उठून प्रश्न सोपा करून विचारला जावा अशी विनंती करणे, किंवा न्यायाधीशांनी हा भाग प्रश्नोत्तररूपाने नोंदवावा असे सुचविणे, कायद्याला धरूनच आहे. ते सुचविण्याचे धैर्य आणि भान अभिरूप न्यायालयात शिकविले जात नाही, कारण तेथे साक्षीदारच नसतो. तेथे वस्तुस्थिती छापून मिळते.

खऱ्या दाव्यात वस्तुस्थिती मिळवावी लागते, आणि मोठमोठ्या खटल्यांचा निकालही पुष्कळदा तेथेच लागतो. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दाखल झाला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. सत्याग्रहाची भाषणे आपल्या स्मरणात आहेत. पण न्यायालयापुढचा मुद्दा रुक्ष होता: अस्पृश्यांना पाणी भरू न देण्याची स्मरणातीत वहिवाट वादींनी सिद्ध केली काय? केली नाही, असे न्यायालयाने ठरविले. जुन्या माणसांच्या साक्षी, नगरपालिकेची मालकी, पुरावा किती मागे जातो याची मोजदाद, यांवर तो निकाल उभा आहे.

उलट, कागदावर माणसाचा अनुभव नीट न उतरल्याने काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मथुरा प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, यावर बराच भर होता. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. संमती आणि निमूट शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी निवाड्यातीलच नोंदी हाती घेऊन दाखविले. देशभर चर्चा झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्राचे लेखक कोणाच्याही वतीने न्यायालयात उभे नव्हते. विधी महाविद्यालयात लेखनाचा आदर्श म्हणून काय वाचावयास द्यावे असे मला कोणी विचारले, तर मी आधी हे पत्र सांगेन.

नियमांत काही कमी आहे म्हणून हे घडत नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. बार कौन्सिलच्या २००८ च्या शिक्षण नियमांत मसुदालेखन हा सक्तीचा विषय आहे. अभिरूप न्यायालयाच्या १०० गुणांच्या विषयात प्रत्यक्ष अभिरूप न्यायालयास ३०, एक दिवाणी व एक फौजदारी खटला पाहून टिपणे करण्यास ३०, पक्षकाराची मुलाखत व दाव्याची पूर्वतयारी यांस ३० आणि तोंडी परीक्षेस १० गुण आहेत. म्हणजे ऐकणे आणि टिपणे यांस बोलण्याच्या दुप्पट वजन दिलेले आहे! प्रत्येक महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कायदा साहाय्य केंद्र चालवावे, असेही सांगितले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्याचा हक्क आहे. इतके सगळे असून टिपणवह्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकांच्या पाहून भरल्या जातात, हे सांगण्यासाठी कोणत्याही पाहणीची जरुरी नाही.

विद्यार्थ्याला सनद नसल्याने तो वकिली करू शकत नाही, हे खरे. परंतु ग्रामसभेच्या समितीला निवेदने उतरविण्यास मदत करणे, तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाच्या देखरेखीखाली अर्जाचा मसुदा करणे, यास त्याला कोणाची आडकाठी नाही. अशा दहा खऱ्या मसुद्यांना परीक्षेत गुण द्यावेत, त्यांची भाषा मराठी असावी आणि गुण देणाऱ्याने मसुदा ज्याचा त्याला वाचून दाखविल्यावर तो कळला की नाही, हेही पाहावे. पालघर, ठाणे, नाशिक आणि मुंबई येथील महाविद्यालयांना हे अशक्य नाही. येण्याजाण्याचा व मुक्कामाचा खर्च कोणी सोसावयाचा, ही रास्त अडचण आहे. स्पर्धांच्या ढाली, मानपत्रे आणि भोजने यांचा खर्च ज्या खात्यातून होतो तेथून सुरुवात करण्यास हरकत नसावी.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची उमेदवारी आवश्यक आहे आणि ती बहुधा एप्रिल-मेच्या सुटीत उरकली जाते. त्या दिवसांत जव्हार-मोखाड्याचे पाडे अर्धे रिकामे असतात; धडधाकट माणसे भट्ट्यांवर गेलेली असतात आणि घरी राहतात ती म्हातारी माणसे. वनहक्काच्या निवेदनांसाठी हाच काळ उत्तम, कारण बहात्तरचे साल आठवणारी माणसे तेव्हा ओटीवर सापडतील, आणि ती आता सत्तरीच्या आगेमागे आहेत. मजुरीच्या आणि उचलीच्या तक्रारी मात्र पावसाळा लागून माणसे परतल्यावर, हिशेब ताजा असताना लिहून घ्याव्या लागतील. त्यासाठी जून-जुलैत निदान पंधरा दिवस वर्गांतून सूट मिळावी लागेल. नवीन सत्राचे वेळापत्रक ठरविताना प्राचार्यांनी एवढे केले तरी पहिल्या तुकडीला या पावसाळ्यात निघता येईल.